तीन वेळा नको

सुरुचीला जर्मनीत पहिली नोकरी घरबसल्या चालून आली होती आणि तिने ती स्वतःच्या तोंडाने घालवली होती. गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. बव्हेरिया प्रांतातल्या, इंगोलश्टाटजवळच्या आल्टनमोस नावाच्या लहानशा गावात ते नुकते राहायला आले होते. नवरा हृषिकेश गाड्यांची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत सकाळी जायचा तो संध्याकाळी उगवायचा, मुलगी निधी शाळेत रमली होती, आणि सुरुची, जिने मिरजेच्या कॉलेजात आठ वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, ती दिवसभर घरात बसून पावांची नावं पाठ करत होती. गावातल्या वाचनालयाच्या बाईंनी एक दिवस आपणहून विचारलं, "आमचा इंग्रजी पुस्तकांचा विभाग सांभाळाल का? आठवड्याचे तीन दिवस."

सुरुचीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण आनंद झाला म्हणून लगेच हात पुढे करायचा नसतो, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं की तोंडातून आपसूक निघालं, "छे छे, कशाला उगाच! मला कुठे जमणार!" आणि बाई पुन्हा विचारतील म्हणून ती हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत उभी राहिली. बाईंनी मान डोलावली, "असं का, बरं," म्हणाल्या आणि पुस्तकांवर शिक्के मारायला लागल्या. पुढच्या आठवड्यात त्या खुर्चीवर दुसरंच कोणीतरी बसलेलं होतं.

घरी येऊन ती रडली. हृषिकेशने चहा केला आणि समजूत घालायच्या नावाखाली आगीत तेल ओतलं. "आल्झो, म्हणजे हे बघ, इथे नाही म्हणजे नाही असतं गं. एकदाच विचारतात."

"दुसऱ्यांदा विचारलं तर जीभ झिजते का यांची?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. झिजते असंच समज."

तेव्हापासून तीन वर्षं सुरुची घरातच होती. त्यामुळे या वर्षी फेब्रुवारीत फोक्सहोखशूलेतून, म्हणजे मोठ्या माणसांना संध्याकाळी विणकामापासून योगासनांपर्यंत काहीही शिकवणाऱ्या गावच्या शाळेतून बोलावणं आलं, तेव्हा ती जिभेला गाठ मारूनच गेली. शाळेच्या प्रमुख फ्राऊ लिंडनर. उंच, नीटनेटक्या, आणि बोलताना समोरच्या कागदाच्या कडा जुळवत बसायची सवय. त्यांनी सांगितलं ते असं: आल्टनमोसने इंग्लंडमधल्या विदरली नावाच्या गावाशी मैत्रीचा करार केला होता. मे महिन्यात तिथून बारा पाहुणे येणार होते. त्याआधी दहा गुरुवारांत इथल्या पंधरा जणांना इंग्रजी संस्कृती शिकवून तयार करायचं होतं. ठरलेला इंग्रज मास्तर ऐनवेळी बर्लिनला निघून गेला होता.

"तुमची मातृभाषा इंग्रजी?" फ्राऊ लिंडनरनी विचारलं.

"मराठी."

कागदाच्या कडा जुळवणारा हात थांबला.

"पण विमा कंपनीशी, विमानतळावर आणि नवऱ्याशी मी भांडते ती इंग्रजीतच," सुरुचीने घाईघाईने जोडलं. नवऱ्याबद्दलचं खोटं होतं. नवऱ्याशी भांडायला मराठीइतकी सोयीची भाषा जगात नाही.

दुसरं कोणी मिळत नव्हतं हे दोघींनाही माहीत होतं. फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "दहा संध्याकाळी घ्या. पाहुणे जाताना त्यांच्याकडून फॉर्म भरून घेऊ. ते बघून दोन वर्षांचा करार करायचा की नाही ते ठरवू." सुरुचीने घशाशी आलेलं 'छे छे' गिळलं आणि एका शब्दात होकार दिला. ती इंग्लंडला कधी गेलेली नव्हती, लंडनच्या विमानतळावर चार तास बसली होती तेवढंच. पण ते त्यांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही.

पहिल्या गुरुवारी पंधरा जण वह्या उघडून बसले. पुढच्या बाकावर हेर ब्रांडल होते. चाळीस वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासण्यात घालवून निवृत्त झालेला माणूस. हातात निळी फाइल, फाइलला रंगीत खुणेचे कागद. त्यांनी हात वर केला. "इंग्रज म्हणजे कोण? कृपया व्याख्या."

सुरुचीला असे विद्यार्थी ठाऊक होते. तिने पदर नव्हता तरी खोचल्यासारखं केलं आणि सुरुवात केली. इंग्लंडचा राजाच कितीतरी पिढ्या फ्रेंच बोलत होता, असं तिने सांगितलं. इंग्रजी बोलायची ती गोठ्यात आणि शेतात. जनावर जिवंत असेपर्यंत त्याचं नाव इंग्रजी, आणि शिजून ताटात आलं की फ्रेंच, जसं शीपचं मटन. मग ही गोठ्यातली भाषा हळूहळू राजवाड्याच्या पायऱ्या चढली, छापखान्यात शिरली, चर्चमध्ये गेली. आणि शेजारच्या जिल्ह्याचं बोलणं धड न कळणारी माणसं एकाच छापील पुस्तकातून एकच प्रार्थना म्हणायला लागली, तेव्हा कुठे त्यांना वाटलं की आपण सगळे एक. "म्हणजे इंग्रजांनी भाषा घडवली त्यापेक्षा भाषेने इंग्रज जास्त घडवले," ती म्हणाली, आणि आपल्याच वाक्यावर खूश झाली.

"या भाषेवर देखरेख कोणत्या कचेरीची?" हेर ब्रांडल.

"कुठल्याच नाही. अशी कचेरीच नाही त्यांच्याकडे. राज्यघटनासुद्धा एका पुस्तकात लिहिलेली नाही."

वर्गात अस्वस्थ चुळबुळ झाली. एक बाई खरोखरच घाबरलेल्या दिसल्या.

"आणि शब्द त्यांनी जगभरातून उचलले," सुरुचीला आता रंग चढला होता. "बंगला आमच्याकडचा, शाम्पू आमच्याकडचा, लूट तर आमच्याकडचीच."

"परत केले का?"

"नाही."

हेर ब्रांडल यांनी फाइलीत लिहिलं: नेलेली वस्तू परत करत नाहीत.

दुसऱ्या गुरुवारी चहा, हवापाणी आणि रांग झाली. इंग्रजाने 'वाईट नाही' म्हटलं तर तो खूश आहे असं समजावं, हेही तिने सांगितलं आणि ते ब्रांडलनी लाल शाईने अधोरेखित केलं. तिसऱ्या गुरुवारी 'सॉरी' कोणाकोणाला म्हणायचं ते झालं, त्यात खुर्ची आणि दाराचाही समावेश होता. आणि तिसऱ्या गुरुवारअखेर सुरुचीच्या लक्षात आलं की इंग्लंड संपलं. सात संध्याकाळी उरल्या होत्या.

चौथ्या गुरुवारी हेर ब्रांडल यांनी विचारलं, "पाहुण्याला केक दिला आणि तो नको म्हणाला. पुन्हा विचारायचं का? आणि विचारायचं तर किती वेळा?"

"तीन," सुरुची म्हणाली.

हे उत्तर तिने बनवलं नव्हतं. ते तिला माहीतच होतं. पहिलं नको हे शिष्टाचाराचं, दुसरं पोटाचा अंदाज घेण्याचं आणि तिसरं, समोरच्याला आपण खरंच हवे आहोत का हे बघण्याचं. तिसऱ्या नकोनंतरही यजमानाने ताटात वाढलं की पाहुण्याने "अहो, किती हे" म्हणून खायचं. फळ्याजवळ उभं राहून तिने ते इतकं रंगवून सांगितलं की वर्ग जर्मन पद्धतीने बाकांवर बोटांची टकटक करून वाहवा देऊ लागला. सगळ्यांनी सराव केला. जर्मन माणूस मोजायला अंगठ्यापासून सुरुवात करतो, त्यामुळे एक नको झालं की 'आईन्स' म्हणत पंधरा अंगठे वर, मग तर्जनी, मग मधलं बोट.

घरी येऊन तिने हे जेवताना सांगितलं. निधी मराठी सगळं समजायची, पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची. मराठीत बोल म्हटलं की खांदे उडवायची. ती घास चावता चावता म्हणाली, "दास माख्ट दोख डी आजी!" असं तर आजी करते की!

सुरुचीचा हात आमटीच्या वाटीत थांबला. हृषिकेशला इतकं हसू आलं की ठसका लागला. "अगं, इंग्लंडमध्ये कोण आग्रह करतंय? हे तुझ्या मिरजेच्या घरातलं. नको नको म्हणताना माझ्या ताटात चौथी पुरणपोळी तुझ्या आईनेच टाकली होती."

सुरुची त्या दिवशी बराच वेळ विचार करत राहिली. इंग्रजी कादंबऱ्या तिने ढिगाने वाचल्या होत्या, पण वाचताना डोळ्यांसमोर दिवाणखाना यायचा तो मिरजेचा. लॉर्डसाहेब झोपाळ्यावर बसायचे, लेडीबाई पानाचं तबक पुढे करायच्या. वीस वर्षं तिच्या डोक्यात इंग्लंड मिरजेतच वसलेलं होतं आणि त्याची तिला शंकासुद्धा आली नव्हती.

पुढच्या गुरुवारी चूक दुरुस्त करायची असं ठरवूनच ती गेली. पण तिने तोंड उघडण्याआधी हेर ब्रांडल उभे राहिले. त्यांनी घरी प्रयोग केला होता. रविवारी बहीण भेटायला आली. दर वेळेसारखी ती केकला नको म्हणाली. दर वेळी ते ताटली उचलून ठेवत. या वेळी त्यांनी पुन्हा विचारलं, मग पुन्हा. "ती दोन तुकडे खाऊन गेली," ते म्हणाले. "जाताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, मला वाटायचं मी लवकर जावं अशीच तुझी इच्छा असते." ते खाली बसले आणि फाइल सारखी करू लागले.

आता यावर कोण दुरुस्ती करणार? सुरुचीने खडू खाली ठेवला. मग तिच्या मनात आलं की एक चूक झालीच आहे तर ती एकटी कशाला राहावी. आणि तिच्या अंगात आलं.

"शेजाऱ्याचा डबा," तिने त्याच संध्याकाळी सांगितलं, "इंग्लंडमध्ये कधीही रिकामा परत करत नाहीत." त्यापुढच्या गुरुवारी, कोणी बाहेर पडत असताना मागून 'कुठे निघालात' असं विचारू नये. सातव्या गुरुवारी, लांब जाणाऱ्या माणसाच्या तळहातावर चमचाभर गोड दही घालावं. ते त्याने चाटून खावं, हात पुसू नये, आणि निघावं. आठव्याला, निरोप घेताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं. वर्गाने मान डोलवून सगळं लिहून घेतलं. लेखी घटना नसलेला देश अखेर नियमांत बसत होता, याचं त्यांना केवढं समाधान! मधूनमधून सुरुचीला धाकधूक व्हायची. पण दर गुरुवारी पंधरा चेहरे तिच्या तोंडाकडे बघत बसायचे, आणि तीन वर्षांत तिच्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. निधीचं तोंड बंद ठेवण्यासाठी आठवड्याला दोन आइसक्रीम ठरली.

"आई," हृषिकेशने निधीच्या सुरात तिला चिडवलं, "पाहुण्यांनी ओळखलं तर?"

"ओळखलं तर करार गेला," सुरुची म्हणाली. "मग पुन्हा पावांची नावं." दोघंही हसले, पण तिचं हसू लवकर संपलं.

पाहुणे शुक्रवारी दुपारी आले. बारा जण, बहुतेक साठीच्या पुढचे, आणि त्यांच्या म्होरक्या मिसेस पिकरिंग, गोल चष्मा लावलेल्या, बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. गावच्या सभागृहात कॉफी आणि केक मांडला होता. मिसेस पिकरिंग म्हणाल्या, "नको हो, पोटात जागाच नाही." हेर ब्रांडल यांचा अंगठा वर गेला. "घ्या ना." "नाही, खरंच." तर्जनी. "थोडा तरी!" "बरं, अगदी लहानसा," आणि ताटलीत पडला तो विटेएवढा तुकडा. सभागृहभर हेच चाललं होतं. पाहुणे एकमेकांकडे बघत होते, कुजबुजत होते, आणि खात होते. सुरुची खांबाआड उभी राहून ऐकत होती. एक पाहुणा दुसऱ्याला म्हणाला, "बव्हेरियन आदरातिथ्याबद्दल मी ऐकलं होतं, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं."

हे लोक इंग्रजांना इंग्रज पद्धत म्हणून वाढत होते, आणि ते लोक जर्मन पद्धत म्हणून पचवत होते.

शनिवारी तर कहर झाला. मिसेस पिकरिंगनी हेर ब्रांडलना बिस्किटांचा पत्र्याचा डबा भेट आणला होता. ब्रांडलनी तो रिकामा करून प्लमच्या केकने भरला आणि संध्याकाळी नेऊन दिला. मिसेस पिकरिंग चपापल्या. इथे डबा रिकामा फिरवायचा नसतो हे त्यांनी ओळखलं आणि केक वाटून टाकून त्यात चहाच्या पुड्या घालून तासाभरात परत पाठवला. ब्रांडलनी त्यात प्रेत्सेल, म्हणजे गाठ मारलेले खारे पाव भरले. रविवारी सकाळपर्यंत त्या डब्याच्या पाच फेऱ्या झाल्या. दोन्हीकडची माणसं दमली होती, पण थांबायचं कोणी याचा नियम कोणालाच ठाऊक नव्हता. तो सुरुचीलाही ठाऊक नव्हता. मिरजेत तिच्या आईचे आणि शेजारच्या काकूंचे डबे अजून फिरतच होते.

रविवारी दहाला बस निघणार होती. पंधरा विद्यार्थी बसच्या दारापाशी दोन रांगा करून उभे होते. निधीच्या हातात मोठं भांडं होतं, त्यात साखर घातलेला क्वार्क, म्हणजे इथलं चक्क्यासारखं घट्ट दही. मिसेस पिकरिंग सर्वांत पुढे आल्या. हेर ब्रांडल यांनी गंभीर चेहऱ्याने त्यांचा हात उलटा केला आणि तळहातावर चमचाभर क्वार्क ठेवला. बाईंनी एकदा हाताकडे बघितलं, एकदा ब्रांडलकडे, आणि चाटून टाकला. मागचे अकराही मुकाट्याने हात पुढे करत आले. नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"फारच सुंदर," मिसेस पिकरिंग म्हणाल्या. "तुमच्या बव्हेरियातल्या या चालीरीती आम्ही कधी विसरणार नाही."

"बव्हेरियातल्या?" हेर ब्रांडल म्हणाले. "या तर तुमच्या. इंग्लंडच्या."

पंधरा माना सुरुचीकडे वळल्या, मग बारा. फ्राऊ लिंडनर कडेला फॉर्मचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. त्यांचा कडा जुळवणारा हात थांबला.

मिसेस पिकरिंगनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, चष्मा सावरायला लागतो तेवढाच. मग त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अर्थात! किती वेंधळी मी. माझी आजी नेहमी करायची असं."

"आमच्याकडे साय घालायचे," त्यांच्या मागचे उंच गृहस्थ लगेच म्हणाले.

"उत्तरेत अजून करतात," तिसऱ्या बाई.

बारा माणसं एकामागून एक, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, एका अनोळखी बाईसाठी धडधडीत खोटं बोलत होती. दहा गुरुवार जी गोष्ट सुरुचीला फळ्यावर मांडता आली नव्हती ती समोर उभी होती: समोरच्याची फजिती होऊ नये म्हणून आपलीच आजी बदलून टाकायची. ब्रांडलनी समाधानाने फाइल उघडली आणि लिहायला लागले. करार वाचला. आता फक्त हसून मान डोलवायची होती.

तेवढ्यात तिच्या कोपराला कोणीतरी हात लावला. निधी भांडं सांभाळत हळूच म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, "आई, पण असं आपली आजी करते ना?"

सुरुचीला गलबलून आलं. कॉलेजच्या परीक्षेला निघताना तिच्या स्वतःच्या आजीचा थरथरता हात, तळहातावर दह्याचा गार गोळा, "पुसू नको गं" असं दर वेळी सांगणं. बंगला गेला, शाम्पू गेला, त्याची तिला कधी फिकीर वाटली नव्हती. पण हे दही चांगल्या मनाने का होईना, इंग्लंडच्या नावावर चढत होतं, आणि चढवणारी ती स्वतः होती.

"नाही," ती मोठ्याने म्हणाली. "हे इंग्लंडचं नाही. मिरजेचं आहे. माझ्या आजीचं. डबासुद्धा, आणि तीन वेळा विचारणंसुद्धा. पहिल्यांदा चुकून सांगितलं, नंतर मुद्दाम. मी इंग्लंड पाहिलेलंही नाही."

मिसेस पिकरिंगनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई सांगितलंत. माझी आजी लिव्हरपूलची. तिने जन्मात दह्याला बोट लावलं नव्हतं." मग त्यांनी पुढे होऊन सुरुचीचे दोन्ही हात धरले, चिकट तळहातासकट, आणि दोन दिवस यजमानांकडून ऐकलेला शब्द म्हणाल्या, "येते." आणि बसमध्ये चढल्या.

हेर ब्रांडल यांनी फाइल मिटली. फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "मंगळवारी चार वाजता मी तुमच्या घरी येईन." बस्स, एवढंच.

मंगळवारी चारला बेल वाजली. सुरुचीने शंकरपाळे तळले होते, चहा टाकला होता आणि वाईट ऐकायची तयारी केली होती. तिने ताटली पुढे केली. फ्राऊ लिंडनर "नको, आभारी आहे" म्हणाल्या. सुरुचीने ताटली बाजूला ठेवली. आता कुठल्या तोंडाने आग्रह करणार?

फ्राऊ लिंडनरनी बारा फॉर्म टेबलावर मांडले आणि कडा जुळवल्या. "निकाल मध्यम आहे," त्या म्हणाल्या. "नऊ जणांनी लिहिलंय, वाईट नाही. तिघांनी, बऱ्यापैकी छान."

"अहो, ही त्यांची सगळ्यांत मोठी स्तुती आहे!"

"हे इंग्लंडचं, की तुमच्या आजीचं?"

सुरुचीचा चेहरा पडला. खरं बोलली तरी आता कोणी विश्वास ठेवणार नव्हतं, आणि हे तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं.

"मी हेर ब्रांडलना विचारलं," फ्राऊ लिंडनर पुढे म्हणाल्या. "त्यांनी तुमचे सगळे नियम मिसेस पिकरिंगना फोन करून एकेक करून तपासले. हा खरा निघाला. एकूण एकोणीस खरे, पाच मिरजेचे. त्यांनी फाइलीत वेगळा रंग लावलाय." मिरज हे नाव त्यांनी जर्मन घशातून असं काही उच्चारलं की मिरजकरांनाही ओळखू आलं नसतं. "पंधराच्या पंधरा जणांनी पुढच्या वर्गात नाव घातलंय. त्यांची एकच अट आहे. कोणती आजी कुठली, ते आधी सांगायचं." त्यांनी पिशवीतून करार काढला, पेनाचं टोपण काढलं आणि दोन्ही तिच्यापुढे सरकवले. "दोन वर्षं. घ्याल?"

सुरुचीचा ऊर भरून आला. हवं होतं, जिवापाड हवं होतं. आणि त्याच वेळी लाजही वाटत होती, इतकं करून वर हे मिळतंय याची. त्या दोन्हींच्या गर्दीत जीभ नेहमीच्या वाटेने सुटली.

"छे छे, कशाला उगाच! एखादा खरा इंग्रज बघा ना तुम्ही. मला कुठे जमणार!"

बोलून झालं आणि तिला ऐकू आलं. वाचनालय, पुस्तकांवरचे शिक्के, 'असं का, बरं'. समोर फ्राऊ लिंडनरनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. करार आपल्याकडे ओढला. कडा जुळवल्या. सुरुचीला ओरडून सांगायचं होतं की थांबा, हे खरं नको नव्हतं.

फ्राऊ लिंडनरनी हात वर केला आणि अंगठा ताठ उभा धरला.

"आईन्स," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या हाताने शंकरपाळ्यांची ताटली आपल्याकडे ओढून घेतली, टोपण पुन्हा काढलं आणि दुसऱ्यांदा विचारलं.